सांगलीत लग्नाची कलर स्कीम डेकोरेटरकडून करून घेतली, पैसे वसूल झाले का?

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण खाली कौतुकपण आहे आणि भांडणपण, आणि डिपॉझिटचा विषय अजून मिटलेला नाही. विश्रामबागच्या बाजूला आहे, डेकोरेशन करतात आणि आता दोनेक वर्षं "कलर प्लॅनिंग" म्हणून वेगळी फी घेतात, एवढं पुरे. सांगली-मिरजेत आता बरेच जण असलं काम करायला लागलेत, तुमच्यापण घरात लग्न निघालं असेल तर काय विचारायचं आणि काय सोडून द्यायचं ते यातून कळेल म्हणून लिहितोय.

लग्न धाकट्या बहिणीचं, माघातलं, मुहूर्त दुपारी १२.३५ चा आणि संध्याकाळी त्याच हॉलमध्ये रिसेप्शन. केटरिंग बाबांकडं, बस्ता आई-आत्याकडं, भटजी-वाजंत्री मामाकडं, उरलं डेकोरेशन ते माझ्या गळ्यात. बहिणीनं आधीच मोबाईलवर शेकडो फोटो साठवलेले. सगळीकडं पीच, फिकट गुलाबी आणि तो राखाडी हिरवा. २०१७ ला अनुष्का शर्मा इटलीत फिकट गुलाबी लेहंगा घालून लग्नाला उभी राहिली तेव्हापासून हे पेस्टलचं वारं सुटलंय ते अजून थांबायचं नाव नाही, त्यात २०२४ चा रंग म्हणून पँटोनवाल्यांनी, म्हणजे दरवर्षी वर्षाचा रंग ठरवणाऱ्या त्या परदेशी कंपनीनं, पीच फझ जाहीर केलता, मग तर काय विचारूच नका. आत्या म्हणाली फिकं फिकं कशाला, साखरपुडा हाय का लग्न हाय, आणि बहीण म्हणाली लाल-पिवळं केलं तर मी स्टेजवर बसणारच नाही. अशा वेळी तिसरा माणूस पैसे देऊन आणावा लागतो, हे आमच्या बाबांचं मत, आणि ते बरोबर निघालं.

फी पाच हजार, काम त्यांनाच दिलं तर बिलातून वजा. मला आधी वाटलं लॅपटॉपवर चार थ्रीडी चित्रं दाखवतील आणि झालं. चित्रं नंतर दाखवली, पण बसल्या बसल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "फेटे कुठल्या रंगाचे?" आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. थीम काय, बजेट किती, फुलं खरी का खोटी, असलं काही विचारतील म्हणून आम्ही तयारी करून गेलतो. ते म्हणाले ओ, नवरदेवाकडचे साताऱ्याचे आहेत ना, मग भगवा फेटा असणार, आणि शंभरभर माणसं डोक्याला भगवा बांधून स्टेजवर चढली की फोटोत सगळ्यात मोठा रंग तोच, तुमचं पीच त्याच्या मागं दिसणारपण नाही, वर दोन्ही नारंगीच्याच घरातले असल्यामुळं पीच धुतलेलं आणि मळकट वाटेल. व्याह्यांना फोन लावला तर खरंच भगवे, आणि ते बदलायचा प्रश्नच नव्हता.

मग त्यांनी एक कागद घेतला आणि जे रंग आता कुणाच्या बापाला बदलता येणार नाहीत ते आधी लिहून काढले. भगवे फेटे. मामाकडून येणारी पिवळी अष्टपुत्री. हातातला हिरवा चुडा. शालू घेऊन झालता, हिरवा, लाल काठाचा. हॉलच्या खुर्च्या मरून. हॉलच्या भिंती पिवळसर क्रीम, स्टेजच्या मागं तपकिरी लाकडी पट्ट्या. खाली लाल कार्पेट. हे सगळं लिहिल्यावर म्हणाले, तुमची निम्मी कलर स्कीम ठरून गेलीय, आता उरलेली निम्मी हिच्याशी भांडणार नाही एवढंच बघायचं. मला तर हे वाक्य ऐकूनच पाच हजार वाजवी वाटले. पिंटरेस्टवरचे फोटो बघा, तिथं पांढऱ्या भिंती असतात, पांढऱ्या खुर्च्या असतात, पाहुणे पण ठरवून एकाच रंगात येतात. आपल्याकडं चारशे बायका येणार, कुणी राणी कलरची पैठणी नेसणार, कुणी मोरपंखी, कुणी पोपटी, आमची आत्या चिंतामणी, त्यांना कोण सांगणार आज पीच घालून या म्हणून. बहिणीच्या मैत्रिणींनी ग्रुपवर ड्रेसकोड टाकायचा घाट घातलता, डेकोरेटरनी तो फक्त करवल्यांपुरता ठेवायला सांगितला आणि ते पार पडलं. बाकीच्यांच्या साड्यांचा बाजार समोर भरणारच आहे, त्यामुळं मागचा पडदा शांत पाहिजे, हा त्यांचा हिशोब.

आता हॉलवरचा प्रकार सांगतो, कारण खरं काम तिथं झालं. लग्नाच्या आधीच एकदा, पण उजेड तोच मिळावा म्हणून मुहूर्ताच्या वेळेलाच, म्हणजे साडेबारालाच त्यांनी आम्हाला हॉलवर बोलावलं, आणि येताना कड्यात ओवलेल्या कापडाच्या पट्ट्यांचा एक भला मोठा जुडगा आणला. साटन, लायक्रा, नेट, मखमल, प्रत्येकात तोच रंग वेगळा दिसतो. आईला म्हणाले शालू आणलाय का, आईनं पिशवीतून काढला, बहिणीला स्टेजवर उभं केलं, शालूची घडी खांद्यावर टाकली आणि मागं एकेक कापड धरायला त्यांचा पोरगा लावला. आधी हॉलचे सगळे लाईट चालू, मग फक्त पिवळे, मग फक्त पांढरे, मग सगळे बंद करून खिडक्या उघडून. आमच्या आईला याचं काही नवल वाटलं नाही. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेताना ती आजपण कापड उचलून दारात जाते आणि उन्हात साडीच्या काठाला लावून बघते, दुकानदार कितीही म्हणू दे ट्यूबखाली सेम आहे. बरोबरच आहे तिचं, दोन कापडं एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात उघडी पडतात, कारण त्यांचे डाय वेगळे असतात. तिला फक्त हे कळेना की त्याचे पाच हजार का घ्यायचे.

पीचची पट्टी धरली आणि पिवळ्या लाईटखाली ती चक्क भिंतीत गेली, क्रीम भिंत आणि पीच कापड यात फरकच दिसेना. त्यांनी सांगितलं की हॉलचे ते पिवळे दिवे साधारण ३००० केल्विनचे आहेत आणि पांढरे ६५०० चे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा), दोन्ही एकत्र लावले आणि वर खिडकीतून ऊन आलं तर कॅमेऱ्याला कळतच नाही पांढरं कशाला म्हणायचं, मग नवरीचा एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर येतो आणि फोटोग्राफर आपल्याला सांगतो एडिटिंगमध्ये बघू. राखाडी हिरवा धरला तर शालूच्या हिरव्यापुढं तो धुळीचा वाटायला लागला. बहिणीनं हे सगळं स्वतःच्या मोबाईलवर बघितलं, फोटो काढले, परत बघितले, आणि गप्प झाली. कुणी तिला समजावलं नाही, ती आपली आपणच डाळिंबीवर आली. डाळिंबी मखमल, त्याच्यावर मोतिया नेट आणि मधे भरपूर हिरवी पानं. डाळिंबीपुढं पिवळी अष्टपुत्री अशी उठून दिसली की आत्यापण म्हणाली, हां आता बोला. आणि मखमल का, तर साटनवर फ्लॅश पडला की पांढरे पट्टे येतात, मखमल उजेड पिऊन टाकते. भाडं साटनपेक्षा जास्त आहे, पण निदान नवरीच्या मागची पॅनेलं तरी मखमलीची घ्या, बाजूची साटनची चालतील.

आत्याची एक हरकत होती, मोतिया म्हणजे पांढराच की, शुभकार्यात पांढरं कशाला. त्यावर त्यांनी वाद न घालता पांढरं आणि मोतिया शेजारी शेजारी धरून दाखवलं आणि विषय संपवला.

ते साठ-तीस-दहाचं गणित पण वापरतात, म्हणजे साठ टक्के एक मुख्य रंग, तीस टक्के जोडीचा आणि दहा टक्के चमकणारा. इंटिरियरवाले सांगतात तेच. आमच्या केसमध्ये साठ मोतिया, तीस डाळिंबी आणि दहा टक्क्याच्या जागी त्यांनी काहीच ठेवलं नाही, म्हणाले ते दहा टक्के तुमचे व्याही डोक्यावर घेऊन येणार आहेत. स्टेजवर भगवी फुलं ठेवली नाहीत ती यासाठी. आणि मरून खुर्च्या डाळिंबीला आपोआप जुळल्या त्यामुळं खुर्च्यांची कव्हरं आणि बो रद्द. आम्हाला एका खुर्चीचे ३० रुपये सांगितलते, ५०० खुर्च्या धरा, पंधरा हजार वाचले. डेकोरेटर स्वतःच्या बिलातले पंधरा हजार स्वतःहून कमी करतोय हे मी पहिल्यांदा बघितलं, म्हणून हा मुद्दा आवर्जून लिहिला.

हळदीचा सल्ला तर मी आता गावभर सांगत सुटलोय. सगळीकडं हळदीला पिवळं डेकोरेशन करतात, पिवळा पडदा, पिवळी झेंडूची फुलं, पिवळी छत्री, पिवळी गादी, आणि त्याच्यात पिवळी साडी नेसलेली पिवळी फासलेली नवरी. दिसणार कुठून? वर मांडवाचं कापड पिवळं असलं की ऊन त्यातून गाळून खाली येतं आणि सगळं घरदार कावीळ झाल्यागत दिसतं. आमच्याकडं दारात मांडव होता, त्यांनी वरचं कापड पांढरं लावलं, मागं केळीची पानं आणि नारळाच्या झावळ्या, त्यात पांढरी शेवंती, बास. पिवळं फक्त माणसांच्या अंगावर. खर्च लग्नाच्या स्टेजच्या पासंगालापण पुरत नाही आणि फोटो सगळ्या कार्यक्रमांत हळदीचेच एक नंबर आलेत. केळीची पानं सकाळी कापून आणली तर दुपारपर्यंत टवटवीत राहतात, आदल्या दिवशी आणली तर कडा वळतात, हे पण त्यांनीच सांगितलं.

बहिणीचं पेस्टल पूर्ण मारलं नाही बरं का. रिसेप्शनला फेटे नसतात आणि तिचा गाऊन फिकाच होता, त्यामुळं लोखंडी फ्रेम तीच ठेवून दुपारी मधली डाळिंबी पॅनेलं काढली, फिकट गुलाबी लावली, पांढरे लाईट पूर्ण बंद, फक्त पिवळे. फ्रेम एकच असल्यामुळं दुसऱ्या सेटअपचे पूर्ण पैसे लागले नाहीत, कापड, फुलं आणि मजुरी एवढंच. जेवणाची पंगत उठेपर्यंत पोरांनी काम उरकलं. ज्यांना दोन्ही कार्यक्रम एकाच हॉलमध्ये करायचेत त्यांनी हे नक्की विचारा, सगळे डेकोरेटर स्वतःहून सांगत नाहीत.

आता तक्रारी. पहिली फुलांची. ठरलं होतं मोतिया रंगाचे गुलाब आणि निशिगंध, ऐनवेळी गुलाब आले ते फिकट पिवळे. कारण विचारलं तर म्हणे बाजारात माल नव्हता. लग्नाची मोठी तिथी असली की असं होतं हे मान्य, पण मग आदल्या रात्री फोन करायचा होता, आम्ही दुसरं काहीतरी सांगितलं असतं, पानं वाढवली असती. एवढं रंगाचं शास्त्र सांगायचं आणि फुलं भरताना जे मिळेल ते भरायचं, हे काही पटलं नाही. सुदैवानं निशिगंध भरपूर होता म्हणून दुरून कळलं नाही, पण जवळच्या फोटोत कळतंय.

दुसरी तक्रार लाईटवाल्याची, आणि ही मोठी आहे. लाईट-साउंडचं काम ते बाहेरच्या माणसाला देतात. विधी सगळे नीट झाले, नवरी शालू नेसून आली, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि या भाऊनं स्टेजवर जांभळे पार लाईट, म्हणजे ते स्टेजचे रंगीत फोकस, सोडले. हिरव्या शालूवर जांभळा उजेड पडला की काय होतं? जांभळ्या उजेडात हिरवं नसतंच, त्यामुळं हिरवं कापड काळं दिसतं. शुभमंगल सावधान चालू आणि नवरी काळ्या साडीत! आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी अक्षता टाकायच्या सोडून लाईटच्या टेबलाकडं पळालो. तो म्हणतोय साहेब, याच्यानं रिच लुक येतो. बंद केले, पण दोन मंगलाष्टकं व्हिडिओत तशीच आहेत. महिनाभर कापडं उजेडात धरून बघायची आणि शेवटी उजेडाचं बटण ज्याच्या हातात आहे त्याला कुणी काही सांगायचंच नाही, याला काय अर्थ आहे. डेकोरेटरचा माणूस हॉलवर होता, जेवत होता. त्यांना हे बोललो तर म्हणाले तो आमचा स्टाफ नाही. असेल, पण बिल तर तुमच्याच नावानं आलं की ओ.

तिसरं म्हणजे डिपॉझिट. हळदीला त्यांच्याकडून दोन बैठका घेतलत्या, पांढऱ्या कव्हरच्या. मी आधीच म्हणलो होतो हळदीला पांढरं कव्हर नको, तर ते म्हणाले फोटोत छान दिसतं, डागाची काळजी आमची. कार्यक्रमानंतर डिपॉझिटमधून दीड हजार कापले, कारण काय तर कव्हरला हळद लागली! बरं, डाग काढायला त्यांच्या पोरानं त्यावर कपड्याचा साबण घासला, त्यामुळं पिवळा डाग लालभडक झाला, आणि ते मलाच दाखवायला लागले की बघा, हे कुंकू आहे, हळद नाही. सांगलीत राहून हे माहीत नसावं? हळदीत साबण किंवा चुना, कुठलंपण खार मिसळलं की ती लालच होते, कुंकू तसंच तर करतात. आमची आजी सांगते तसं कापड आंबट पाण्यात, लिंबू टाकून, बुडवलं की लाल जाऊन परत पिवळं होतं आणि मग धुऊन दोनचार दिवस कडक उन्हात टाकलं की हळदीचा रंग आपोआप उडतो, उन्हापुढं तो टिकतच नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, मार्केट यार्डात माघात नवीन हळदीचा माल उतरायला लागतो, ज्या गावाचं नाव हळदीवर चालतं तिथं हळदीच्या कार्यक्रमाला हळद लागली म्हणून पैसे कापायचे! हे मी त्यांना तोंडावर बोललो, ते हसले, पैसे मात्र दिले नाहीत.

बाकी किरकोळ. मेसेजला उत्तर यायला उशीर लागतो, फोन केलेला बरा, तोपण सकाळी, दुपारनंतर ते साइटवर असतात. नावाच्या बोर्डावर "शुभविवाह" लिहिताना पहिल्या डिझाइनमध्ये चूक होती, ती सांगितल्यावर लगेच दुरुस्त केली. महाराजा सोफा जुना आहे, सोनेरी रंग कोपऱ्यात उडालाय, त्यावर तक्के ठेवून घ्या. आणि व्हॉट्सॅपवर रंग पाठवतात ते बघून काहीही फायनल करू नका, आईच्या फोनवर डाळिंबी वेगळा, माझ्या फोनवर वेगळा आणि बहिणीच्या फोनवर तर गुलाबीच दिसत होता.

स्टार द्यायचे तर रंग निवडून देण्याच्या कामाला पाचपैकी पाच, लग्नाच्या दिवशीच्या कामाला तीन. तुमचा हॉल ठरलाय, साड्या घेऊन झाल्यात आणि घरात तीन पिढ्यांची तीन मतं आहेत, तर ही फी द्या, पाच हजारात घरातली भांडणं मिटत असतील तर स्वस्त आहे. पण हॉलच पांढराशुभ्र, नवीन, एसीवाला असेल आणि दोन्हीकडची मंडळी मोजकीच असतील तर वेगळे पैसे घालायची गरज नाही, साडी पिशवीत घाला, मुहूर्ताच्या वेळेला हॉलवर जा आणि स्वतःच कापडं धरून बघा. बुकिंग मात्र लवकर करा, तुळशीच्या लग्नानंतर एकदा तारखा निघाल्या की हे लोक हॉल बघायला यायला वेळच देत नाहीत, आणि हॉल न बघता केलेल्या प्लॅनिंगचे पैसे मी तरी देणार नाही. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: फुलं बदलली तर आदल्या दिवशी फोन, विधी आणि मंगलाष्टकं होईपर्यंत रंगीत लाईट बंद, आणि हळदीच्या सामानावर डागाचं डिपॉझिट नाही. तिसऱ्याला ते आढेवेढे घेतील. माझ्या दीड हजाराचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणालेत.